फायबर गेटपर्यंत आलंय, घरात येत नाही: अडलेलं इन्स्टॉलेशन मार्गी कसं लावायचं

फायबर इंटरनेटच्या कनेक्शनची नोंदणी होते, पैसे भरले जातात, ठरलेल्या दिवशी इन्स्टॉलेशनचा मुलगा येतो. जिन्यातला पाईप बघतो, तो जुन्या वायरींनी गच्च भरलेला. गच्चीवर जायला निघतो, तर गच्चीला कुलूप. वॉचमन म्हणतो चावी सेक्रेटरींकडे, सेक्रेटरी ऑफिसात. थोडा वेळ थांबून मुलगा निघून जातो आणि संध्याकाळी मेसेज येतो की तांत्रिक कारणास्तव ऑर्डर रद्द झाली आहे. आठवड्याने पुन्हा नोंदणी, पुन्हा तेच.

पुणे, ठाणे, डोंबिवली, नाशिक इथल्या नव्वदच्या दशकातल्या तीन-चार मजली इमारतींमध्ये हे सतत घडतं. बिल्डरने तेव्हा टेलिफोनच्या एका वायरपुरता पाईप भिंतीत टाकला, पुढे त्यातूनच केबल टीव्ही आला, इंटरकॉम आला, आणि आता फायबरला जागा उरलेली नाही. आमच्या सोसायटीची तांत्रिक कामं मी बघतो, त्यामुळे आमच्याकडची आणि ओळखीच्यांकडची अशी बरीच अडलेली कामं जवळून पाहिली आहेत. बहुतेक ठिकाणी कंपनीचं फायबर गेटपर्यंत आलेलं असतं. अडतं ते गेटपासून फ्लॅटच्या दारापर्यंतचं अंतर, आणि ते सोडवणं बऱ्याच अंशी आपल्या हातात असतं.

आधी नेमकं कुठे अडलंय ते काढा

‘फीजिबल नाही’, म्हणजे कनेक्शन देणं शक्य नाही, या कंपनीच्या एका उत्तरात तीन वेगवेगळ्या अडचणी असू शकतात. कॉल सेंटरला त्यातली कुठली ते माहीत नसतं. तुमच्या भागात काम करणाऱ्या मुलाला माहीत असतं. त्यालाच विचारा: डबा जवळ नाही, डब्यात पोर्ट शिल्लक नाही, की वायर न्यायला वाट नाही?

डबा म्हणजे खांबावर, कंपाउंडच्या भिंतीवर किंवा मीटर रूमजवळ बसवलेली प्लास्टिकची पेटी. मुख्य फायबर तिथे येऊन स्प्लिटरमधून आठ किंवा सोळा घरांना वाटलं जातं. पेटीतून बारीक, चपट्या काळ्या वायरी निघालेल्या दिसल्या की समजा फायबर तिथवर आहे.

डबाच नसेल तर एकट्याच्या अर्जाने कंपनी सहसा हलत नाही. इमारतीतल्या आठ-दहा इच्छुकांची नावं आणि फ्लॅट नंबर लिहून एरिया मॅनेजरकडे द्या. पोर्ट भरले असतील तर तो कंपनीचा घरचा प्रश्न आहे. अजून एक स्प्लिटर बसवला की तो सुटतो, त्यासाठी कमिटीच्या मागे लागण्याची गरज नाही. कधी कधी भानगड फक्त पत्त्याची असते: कंपनीच्या यादीत ‘ए विंग’ आहे, ‘बी विंग’ नाही. शेजारच्या विंगमधल्या चालू कनेक्शनचा दाखला दिला की यादी दुरुस्त होते.

वाट नाही हे कारण असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

लांबचा वळसा चालतो, तीव्र वाकण चालत नाही

ही एक गोष्ट पक्की लक्षात ठेवली तर निम्मी भांडणं टळतात. इन्स्टॉलेशनचा मुलगा सगळ्यात जवळची वाट धरतो, कारण त्याला दिवसभरात अजून कनेक्शन्स करायची असतात. ती वाट नेमकी कुणाच्या तरी बाल्कनीवरून किंवा नव्याने रंगवलेल्या भिंतीवरून जाते. मग हरकत येते आणि काम थांबतं.

फायबर म्हणजे प्रकाश वाहून नेणारा काचेचा बारीक धागा. त्याला अंतराचं काहीच वाटत नाही. घरगुती कनेक्शनमध्ये एका किलोमीटरला प्रकाशाची घट जेमतेम ०.३५ डेसिबल (घट मोजायचं एकक) होते. म्हणजे शंभर मीटरचा वळसा घेतला तर ०.०४ डेसिबलसुद्धा जात नाही. याउलट आठ घरांत वाटणाऱ्या स्प्लिटरमध्येच सुमारे १० डेसिबल खर्च होतात आणि चौसष्ट घरांच्या वाटणीत सुमारे २०. इमारतीच्या मागून, ड्रेनेजचे पाईप जातात त्या उभ्या मोकळ्या जागेतून (शाफ्टमधून), कंपाउंडच्या कडेने फिरवून आणली तरी स्पीड तोच मिळतो.

पूर्वीचे लोकल इंटरनेटवाले तांब्याची लॅन केबल टाकायचे. ती शंभर मीटरच्या पुढे चालत नाही, म्हणून ते गच्चीवर स्विचचे डबे बसवायचे, त्यांना सोसायटीच्या मीटरवरून वीज घ्यायचे, आणि वळवाच्या पावसात वीज कडाडली की ते डबे उडायचे. कमिटीतल्या ज्येष्ठांच्या डोक्यात आजही ‘इंटरनेटवाला’ म्हणजे हेच चित्र आहे. फायबरच्या वाटेत वीज लागत नाही. स्प्लिटरलाही लागत नाही. हे त्यांना शांतपणे सांगितलं की विरोध बराच मवाळ होतो.

जपायचं ते वाकण. साधं, लांब पल्ल्याचं फायबर ३० मिलिमीटरपेक्षा कमी त्रिज्येत वाकवायचं नसतं. घरात आणायला जे वापरतात ते जास्त वाकतं, त्यातल्या काही प्रकारांना ७.५ मिलिमीटरपर्यंत सूट आहे, पण आपल्याकडे येणारी केबल नेमकी कुठल्या प्रकारची आहे ते आपल्याला कळत नाही. म्हणून प्रत्येक कोपऱ्यावर चहाच्या कपाच्या तोंडाएवढी गोलाई ठेवायला सांगा. खिडकीच्या स्लायडिंगमध्ये दाबलेली किंवा दाराच्या चौकटीवर काटकोनात ठोकलेली वायर आज चालेल, पण चार महिन्यांनी त्रास देईल.

तेव्हा वाट अंतरावर ठरवू नका, परवानगीवर ठरवा. ज्या वाटेवर हरकत घेणारा कुणीच नाही, ती तुमची वाट. कंपनी ठरावीक लांबीपर्यंतच केबल फुकट देत असेल तर वरच्या मीटरचे पैसे भरावे लागतील. ते भरा. महिनोन्‌महिने कमिटीशी हुज्जत घालण्यापेक्षा ते स्वस्त पडतात.

कमिटी नाही म्हणते

कमिटीचा ‘नाही’ बहुतेक वेळा इंटरनेटला नसतो, मागच्या अनुभवाला असतो. कुणीतरी वॉटरप्रूफिंग केलेल्या गच्चीत खिळे ठोकले आणि खालच्या फ्लॅटमध्ये गळती सुरू झाली. कुणीतरी पुढच्या बाजूने वायरींचं जाळं लोंबकळत ठेवलं. कनेक्शन बंद झालं तरी वायर तशीच राहिली. या तिन्ही तक्रारी खऱ्या आहेत. त्या मान्य करूनच बोलायला सुरुवात करा.

तोंडी विचारू नका. जिन्यात गाठून विचारलं की ‘बघू मीटिंगमध्ये’ असं उत्तर येतं आणि मीटिंगमध्ये विषयच निघत नाही. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि अर्जाला वाटेचा साधा नकाशा जोडा. मोबाईलवर इमारतीच्या मागच्या बाजूचा फोटो काढून त्यावर लाल रेघ मारली तरी पुरे. कमिटीला हो म्हणायला सोपं जाईल असा अर्ज साधारण असा असतो:

‘मा. सचिव, आमच्या सदनिकेसाठी फायबर इंटरनेटची एक केबल आणायची आहे. केबल मीटर रूमजवळच्या पेटीपासून इमारतीच्या मागील बाजूच्या पाईप शाफ्टमधून दुसऱ्या मजल्यापर्यंत येईल. सोबत फोटो जोडला आहे. दर्शनी भिंतीवर केबल येणार नाही. गच्चीच्या लादीत किंवा वॉटरप्रूफिंगमध्ये भोक पाडले जाणार नाही. केबलवर सदनिका क्रमांकाचे लेबल असेल. कनेक्शन बंद केल्यास केबल स्वखर्चाने काढून घेऊ. कामामुळे नुकसान झाल्यास दुरुस्ती करून देऊ. काम सकाळी १० ते संध्याकाळी ६ या वेळेत होईल. येत्या बैठकीत विषय घेऊन लेखी परवानगी द्यावी, ही विनंती.’

यातलं लेबलचं वाक्य छोटं दिसतं, पण सेक्रेटरींना तेच सगळ्यात जास्त पटतं. वीस वायरींमधली कुठली कुणाची हे कळत नाही, हे त्यांचं रोजचं दुखणं असतं. खरं तर एकाच फ्लॅटसाठी परवानगी मागण्यापेक्षा सगळ्या कंपन्यांसाठी एक सामायिक वाट ठरवून घेणं जास्त चांगलं: मागच्या शाफ्टमध्ये खालपासून वरपर्यंत दोन इंची पीव्हीसी पाईप, प्रत्येक मजल्यावर एक जंक्शन बॉक्स, आणि यापुढे कुणाचीही केबल त्याच्या बाहेर दिसणार नाही असा ठराव. हा खर्च सभासदांमध्ये वाटला तर कुणाला जड जात नाही. आमच्याकडे हा पाईप झाला आणि त्यानंतर या विषयावर वाद झालेला नाही.

दोन प्रकारचे नकार मात्र वेगळे हाताळायला हवेत. पहिला, ‘आमचा एकाच कंपनीशी करार आहे, दुसरी चालणार नाही.’ दुसरा, ‘कंपनीने सोसायटीला अमुक रक्कम दिल्याशिवाय आत येऊ देणार नाही.’ इथे कायदा माहीत असलेला बरा. दूरसंचार अधिनियम, २०२३ मध्ये मार्गाधिकाराची, म्हणजे केबल नेण्याच्या हक्काची, तरतूद आहे. खासगी जागेसाठी कंपनीने मालकाकडे किंवा व्यवस्थापनाकडे अर्ज करायचा आणि परस्पर संमतीने करार करायचा, असं कलम १२ सांगतं. मार्गाधिकार भेदभाव न करता आणि शक्य तिथे कुणा एकाची मक्तेदारी न करता द्यावा, हे कलम १३ मध्ये आहे. या अधिनियमाखालचे मार्गाधिकाराचे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले आहेत. मोबदला मागणं म्हणजे बेकायदा असा याचा अर्थ होत नाही. तो संमतीचा विषय आहे. पण ‘एकच कंपनी, बाकी कुणाला गेट बंद’ ही भूमिका कलम १३ च्या विरुद्ध जाते, आणि हे कमिटीच्या लक्षात नम्रपणे आणून देता येतं.

एक मर्यादा ध्यानात घ्या. हा हक्क अधिनियमाने कंपनीला दिला आहे, थेट ग्राहकाला नाही. मालकाने नकार दिला तर केंद्र सरकार सार्वजनिक हित पाहून हस्तक्षेप करू शकतं, पण एका फ्लॅटच्या कनेक्शनसाठी कंपनी तिथवर जाईल अशी आशा धरू नका. म्हणून कंपनीलाच तिच्या लेटरहेडवर सोसायटीला अर्ज द्यायला सांगा, तुमचा अर्ज त्याच्यासोबत जाऊ द्या. दोन्ही कागद आल्यावर कमिटीला काहीतरी लेखी उत्तर द्यावं लागतं. लेखी नकार आला आणि त्यात कारण नसेल, तर सर्वसाधारण सभेत विषय मांडा. त्यापुढे सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे तक्रारीचा आणि सहकार न्यायालयाचा मार्ग आहे, पण तो लांबचा आहे आणि ज्यांच्याविरुद्ध जायचं त्यांच्याच शेजारी राहायचं असतं. सभेतच सहा-सात सभासद तुमच्या बाजूने उभे करणं हा माझ्या मते यापेक्षा कितीतरी चांगला उपाय आहे. मुलांचे ऑनलाइन क्लास आणि घरून काम करणारे सूनबाई-जावई आता घरोघरी आहेत, त्यामुळे ते अवघड नाही.

पाईप तुंबलाय

फ्लॅटपर्यंत येणारा जुना पाईप भरलेला असेल तर मुलगा लगेच ‘भोक पाडावं लागेल’ म्हणतो. त्याआधी पाईपात काय आहे ते बघा. बहुतेक ठिकाणी बंद पडलेल्या लँडलाइनच्या तांब्याच्या वायरी असतात. दोन्ही टोकं उघडून, मजल्यावरच्या प्रत्येकाला विचारून, वायर खरोखर मेलेली आहे याची खात्री करा. इंटरकॉमची वायर दिसायला तशीच असते. विजेच्या वायरी त्याच पाईपात असतील तर हात लावू नका, इलेक्ट्रिशियनला बोलवा.

मेलेली वायर ओढून काढताना तिच्या शेपटाला नायलॉनची दोरी बांधायची. वायर बाहेर, दोरी आत. मग त्या दोरीने फायबर ओढायचं. फायबरच्या चपट्या केबलमध्ये मधोमध काचेचा केसासारखा धागा असतो आणि दोन्ही बाजूंना आधाराच्या काड्या असतात. दोरी त्या काड्यांना बांधायची, काचेच्या धाग्याला कधीच नाही. टोकाला इन्सुलेशन टेप गुंडाळून निमुळतं करा, केबलला टाल्कम पावडर चोळा. एकाने ओढायचं आणि दुसऱ्याने मागून हळूहळू सोडायचं. अडकलं तर हिसका देऊ नका, थोडं मागे घेऊन फिरवून पुन्हा ओढा. कनेक्टर आधीच बसवलेली केबल अशा पाईपातून जात नाही. ‘साधी केबल ओढून कनेक्टर घरात बसवा’ असं आधीच सांगून ठेवा.

दोरी जातच नसेल तर व्हॅक्युम क्लीनरची युक्ती करून बघा. बारीक दोऱ्याला प्लास्टिक पिशवीचा तुकडा बांधून एका टोकाला ठेवायचा, दुसऱ्या टोकाला क्लीनर लावायचा. पाईप पूर्ण चेपलेला नसेल तर दोरा येतो. एवढं करून नाहीच जमलं तर जिन्याच्या कोपऱ्यातून छताच्या कडेने वायर झाकणारी पांढरी केसिंग-पट्टी लावा. ती डोळ्यांत खुपत नाही.

भोक पाडावंच लागलं तर आतून बाहेर जाताना खाली उतरतं पाडायचं, म्हणजे पावसाचं पाणी आत येत नाही. बाहेरच्या बाजूला केबल आधी खाली झोळ देऊन मग भोकात घ्यायची, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी टपकतं. भोक सिलिकॉनने बंद करा. बीम आणि कॉलमला ड्रिल लावू देऊ नका.

भाड्याचं घर

मालकाची परवानगी व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी घ्या, सोसायटीला तीच दाखवता येते. ‘भोक न पाडता’ असं लिहून मागितलं की मालक सहसा लगेच हो म्हणतात. एसीच्या पाईपाचं किंवा जुन्या डिश अँटेनाच्या वायरचं भोक जवळपास प्रत्येक घरात असतं. तेच वापरा.

शेजाऱ्याची हद्द, बंगले आणि वाड्या

बंगल्यांच्या ले-आउटमध्ये आणि गावाकडे प्रश्न बदलतो. खांब शेजाऱ्याच्या कंपाउंडपलीकडे असतो आणि वायर त्यांच्या अंगणावरून जाते. आज ते हो म्हणतात, उद्या घरावर मजला चढवताना कापून टाकतात, आणि त्यांचंही फारसं चुकत नाही. आपल्याच हद्दीत गॅल्व्हनाइज्ड पाईपचा एक खांब उभा करून रस्त्याच्या कडेने केबल फिरवली की कुणाच्या डोक्यावरून जावं लागत नाही. सामायिक खासगी बोळ असेल तर तिथे हक्क असलेल्या सगळ्यांच्या सह्यांचा एक साधा कागद करून ठेवा.

महावितरणच्या खांबाला परस्पर केबल बांधू देऊ नका, मुलगा ‘सगळे करतात’ म्हणाला तरी. डब्यापासून घरापर्यंत येणाऱ्या ड्रॉप केबलमध्ये बहुधा आधाराला पोलादी तार असते. ती घासून उघडी पडली आणि विजेच्या तारेला लागली तर करंट थेट तुमच्या खिडकीपर्यंत येतो. विजेच्या तारांच्या आसपासून जावंच लागणार असेल तर धातू नसलेली, फायबरग्लासच्या काड्यांची केबल मागा.

कोकणातल्या वाड्यांमध्ये घर रस्त्यापासून आत असतं आणि केबल माड-पोफळींना बांधून आणतात. वाऱ्यात झाड डोलतं, झावळी पडते, आणि जून-जुलैत दोन-तीनदा तरी लाइन जाते. पाणी नेणारा पाईप जमिनीतून टाकताना त्याच चरात एचडीपीईचा (टणक प्लास्टिकचा) पाईप रिकामा टाकून ठेवा, आत दोरी ओवून. पुढे फायबर ओढायला कुणाचीच परवानगी लागत नाही. रस्ता ओलांडून खोदावं लागणार असेल तर ग्रामपंचायतीकडे किंवा पालिकेकडे अर्ज पावसाळ्याच्या बऱ्याच आधी द्या. पावसाळ्यात रस्ता खोदायला परवानगी सहसा मिळत नाही.

तोवर काम अडत असेल तर फाइव्ह-जीवर चालणारी एअरफायबर सेवा तात्पुरती घ्यायला हरकत नाही. जिओने ती सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू केली, एअरटेलचीही आहे. पण अँटेना गच्चीवर बसवायची म्हटलं की परवानगीचा प्रश्न पुन्हा उभा राहतो, म्हणून खिडकीत सिग्नल मिळतो का ते आधी तपासा.

ठरलेला दिवस

गच्चीची, मीटर रूमची आणि शाफ्टच्या दाराची चावी आदल्या संध्याकाळी स्वतःकडे घ्या. परवानगीची एक प्रत वॉचमनकडे, एक तुमच्याकडे. मुलाला सकाळी फोन करून वाट मागून आहे आणि केबल अंदाजे किती मीटर लागेल ते सांगा, म्हणजे तो पुरेशी केबल घेऊन येतो. शिडी सोसायटीत आहे का ते बघा. शाफ्टमध्ये त्याला दोरीशिवाय उतरू देऊ नका. कनेक्शन एक दिवस उशिरा झालं तरी चालेल.

केबल ओढून झाल्यावर निघण्याआधी त्याच्याकडून प्रकाश मोजायच्या मीटरवरचं रीडिंग मागा. तुमच्या घरातल्या यंत्राला (मोडेमला) किती प्रकाश पोचतोय ते त्यावर डीबीएममध्ये दिसतं; उणे आकडा जितका मोठा, तितका प्रकाश कमी. उणे १८ ते उणे २४ डीबीएमच्या दरम्यान असेल तर उत्तम. उणे २७ च्या जवळ असेल तर कुठेतरी केबल चेपली आहे किंवा कनेक्टर नीट बसलेला नाही. ‘चालतंय ना’ म्हणून सही करू नका, जोड पुन्हा करायला लावा. हिरव्या रंगाच्या कनेक्टरचं तोंड तिरकं घासलेलं असतं, तो निळ्या कनेक्टरला जोडला तर प्रकाश मोठ्या प्रमाणात वाया जातो. ही चूक घाईत होते, म्हणून दोन्ही बाजूंचे रंग बघा. केबलच्या उघड्या टोकात डोकावून पाहू नका. त्यातला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो.

रीडिंगचा फोटो तारखेसह ठेवा. पुढे लाइन अडखळू लागली किंवा यंत्रावर ‘लॉस’चा, म्हणजे सिग्नल नसल्याचा, लाल दिवा लागला तर मीटरवरचं नवं रीडिंग या फोटोशी ताडून बघता येतं. उणे २१ चं उणे २६ झालं असेल तर केबल वाटेत कुठे तरी दबली आहे: बहुतेक वेळा कुणीतरी शाफ्टमध्ये प्लंबिंगचं काम केलेलं असतं किंवा खिडकीची जाळी बदललेली असते. मीटरवर रीडिंगच येत नसेल, म्हणजे प्रकाशच पोचत नसेल, तर आधी शेजाऱ्यांचं चालू आहे का विचारा. त्यांचंही बंद असेल तर बिघाड डब्यात किंवा रस्त्यावर आहे, आणि तक्रार करताना ‘संपूर्ण इमारत बंद’ असंच सांगा.